विज्ञानकथा आणि पर्यायी इतिहास : कोणते पुस्तक कशाच्या जोडीने वाचावे?

तलावपाळी :

ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील वाचकांनी एकमेकांना विज्ञानकथा, पर्यायी इतिहास आणि त्यांच्या आसपासची पुस्तके सुचवावीत, यासाठी हा धागा सुरू करीत आहे. नुसती नावे देऊ नयेत, अशी आरंभीच विनंती. पुस्तक का वाचावे, कोणाच्या हाती द्यावे आणि त्याच्या जोडीला दुसरे काय वाचावे, हेही कृपया लिहावे.

जोडीचा आग्रह कशासाठी, ते सांगतो. पर्यायी इतिहासाची कथा एखाद्या खऱ्या घटनेला हात घालते आणि तिचा एक धागा वेगळ्या बाजूला ओढते. मूळ घटना वाचकाला नीट ठाऊक नसेल, तर लेखकाने नेमके काय बदलले आणि त्यातून काय काय बदलत गेले, हे त्याला कळत नाही. कथा केवळ एक चमत्कारिक स्वप्न वाटून राहते. म्हणून अशा प्रत्येक पुस्तकाबरोबर त्या काळाच्या खऱ्या इतिहासाचे एक तरी पुस्तक वाचावे, असे माझे ठाम मत आहे.

पहिली जोडी आपल्या घरचीच आहे. जयंत नारळीकर यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा बहुतेकांनी वाचलेली असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पोहोचतात, जिथे १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना गोळी लागलीच नाही. ती कानाजवळून निघून गेली. तेवढ्याने लढाईचे पारडे फिरते, आणि लढाईबरोबर पुढची दोन शतकेही. या कथेच्या आधी त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचे 'पानिपत : १७६१' वाचावे. हे पुस्तक इंग्रजीत १९४६ साली आणि मराठीत १९६१ साली प्रसिद्ध झाले. विश्वास पाटील यांची 'पानिपत' ही १९८८ सालची कादंबरी वाचकप्रिय आहे आणि तिची थोरवी मला मान्य आहे. परंतु या कथेच्या जोडीला मी शेजवलकरच सुचवीन, कारण ते भावनेच्या भरात कोठेही कारणमीमांसा सोडत नाहीत. यमुनेच्या पुरामुळे अडलेली वाट, तुटलेली रसद, मदतीला न आलेले राजपूत आणि जाट, सैन्याबरोबर चाललेला यात्रेकरूंचा आणि कुटुंबकबिल्याचा लोंढा, हे सगळे वाचल्यानंतर गंगाधरपंतांच्या कथेकडे परत यावे. मग एक अवघड प्रश्न उभा राहतो : इतकी कारणे पराभवाकडे ओढत असताना एक गोळी चुकल्याने खरोखर निकाल बदलला असता का? कथेची खरी गोडी या प्रश्नात आहे, आणि इतिहास वाचल्याशिवाय तो प्रश्न पडतच नाही.

दुसरी जोडी दूरच्या देशाची. रॉबर्ट हॅरिस यांची 'फादरलँड' ही १९९२ सालची कादंबरी १९६४ सालच्या बर्लिनमध्ये घडते. जर्मनीने युद्ध जिंकलेले आहे, हिटलरच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाची तयारी चालू आहे, आणि एक पोलीस अधिकारी एका खुनाचा तपास करता करता राजवटीने जगापासून दडवलेल्या सत्यापाशी पोहोचतो. ही कादंबरी हाती घेण्यापूर्वी वि. ग. कानिटकर यांचे 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' वाचलेले असावे. ते वाचलेल्याला कादंबरीत पुढे येणारी वान्झे येथील बैठक ही लेखकाची कल्पना नव्हे, हे लगेच उमगते, आणि मग पुस्तकाचा सगळा भार बदलतो.

आपल्या जोड्या अवश्य सांगाव्यात.

येऊर :

तलावपाळी, धागा सुरू केल्याबद्दल आपले मनापासून आभार. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, त्यामुळे माझ्यासमोर नेहमी सोळा-सतरा वर्षांची मुले असतात आणि माझ्या शिफारशी त्या वयाच्या अनुषंगाने आहेत.

गंगाधरपंतांच्या कथेचे इंग्रजी रूप केंद्रीय अभ्यासक्रमाच्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' या पाठ्यपुस्तकात आले आहे. माझ्या अनुभवात मराठी घरांतील अनेक मुले ही कथा पहिल्यांदा इंग्रजीतूनच वाचतात, आणि ती मुळात मराठी आहे हे समजल्यावर त्यांना आश्चर्य वाटते. अशा मुलांच्या हाती लगेच 'यक्षांची देणगी' हा संग्रह द्यावा. त्यातील 'कृष्णविवर' या कथेमागची हकीकतही सांगावी. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ही कथा पाठवताना नारळीकरांनी स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून 'नारायण विनायक जगताप' असे नाव घेतले आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. जगन्मान्य शास्त्रज्ञाने आपले नाव बाजूला ठेवून कथा तपासून घेतली, ही गोष्ट मुलांच्या मनात घर करते.

याच लेखकाची 'वामन परत न आला' ही कादंबरी मी आज सर्वांत आधी सुचवीन. एका लुप्त संस्कृतीने मागे ठेवलेल्या ज्ञानावरून माणूस एक बुद्धिमान यंत्रमानव घडवतो, आणि त्या यंत्राची बुद्धी माणसाच्या ताब्यात राहील का, हा प्रश्न उभा राहतो. आज आपल्या विद्यार्थ्यांच्या हातातल्या फोनमध्ये त्याच प्रश्नाची सुरुवात झालेली आहे.

याहून लहान मुलांसाठी भा. रा. भागवत यांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्यांची केलेली मराठी रूपे अजूनही उत्तम आहेत. 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'मुक्काम शेंडेनक्षत्र', यांपैकी जे मिळेल ते घ्यावे. भागवतांचे मराठी इतके खेळकर आणि स्वच्छ आहे की मूळ पुस्तक फ्रेंच आहे याची मुलांना आठवणही राहत नाही. बाजारात प्रत मिळाली नाही, तर १८९३ साली स्थापन झालेले आपल्या ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय आहेच. चौकशी तिथून सुरू करावी.

इंग्रजीतून वाचणाऱ्या मुलांना बाळ फोंडके यांनी संपादित केलेला 'इट हॅपन्ड टुमॉरो' हा नॅशनल बुक ट्रस्टचा १९९३ सालचा संग्रह द्यावा. त्यात वेगवेगळ्या भारतीय भाषांतील विज्ञानकथा एकत्र आल्या आहेत आणि लक्ष्मण लोंढे यांची 'दुसरा आइन्स्टाइन' ही कथाही आहे.

पारसिक :

गंगाधरपंतांच्या कथेविषयी एक मुद्दा मांडतो, जो ठाणेकरांनी तरी लक्षात घ्यावा असा आहे.

येऊर यांनी उल्लेखिलेल्या इंग्रजी रूपात गंगाधरपंत पुण्याहून 'जिजामाता एक्स्प्रेस'ने मुंबईला निघतात. लोणावळा मागे पडते, घाट उतरतो, कर्जतला गाडी थोडा वेळ थांबते, कल्याणमधून न थांबता पुढे जाते, आणि एका लांब बोगद्यानंतर 'सरहद' नावाच्या लहानशा स्थानकावर उभी राहते. तिथे परवाने तपासले जातात, कारण तिथून इंग्रजांची हद्द सुरू होते. बोगद्याचे नाव कथेत नाही. परंतु कल्याण सोडल्यावर मुंबईच्या वाटेवर लांब बोगदा म्हणावा असा एकच आहे, आणि तो आपला पारसिकचा. प्रत्यक्षात तो १९१६ साली सुरू झाला आणि त्याची लांबी सव्वा किलोमीटरहून अधिक आहे. म्हणजे कथेतील हिंदुस्थानची आणि इंग्रजांच्या मुंबईची सीमा कळव्याच्या आसपास येते, आणि ठाणे शहर सीमेच्या आत, इंग्रजांकडे जाते.

आता तलावपाळी यांच्या सूचनेप्रमाणे ही कथा इतिहासाच्या जोडीने वाचू. साष्टी बेट, म्हणजे ठाण्यापासून वांद्र्यापर्यंतचा भाग, मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून १७३७ साली घेतला. पानिपतच्या वेळी तो मराठ्यांकडेच होता. इंग्रजांकडे फक्त मुंबईची बेटे होती आणि त्यांची हद्द माहीम आणि शीव येथे संपत असे. शीवचा किल्ला उभा राहिला तो या हद्दीच्या राखणीसाठीच. इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला तो पानिपतानंतर, १७७४ च्या डिसेंबरअखेरीस, आणि त्यांना ती संधी मिळाली पुण्यातील दुहीमुळे. १७७३ च्या ऑगस्टमध्ये नारायणरावांचा खून झाला होता, राघोबादादा पेशवाईसाठी इंग्रजांचा आधार शोधत होते, आणि साष्टी व वसई ही त्या सौद्यातली किंमत ठरत होती. कथेतील जगात विश्वासराव जिवंत आहेत, दादासाहेबांचा डाव उधळला गेला आहे, कंपनी किनाऱ्यावरच्या लहान तुकड्यांपुरती आक्रसली आहे. त्या जगात इंग्रजांच्या हाती ठाणे जावे कसे? सरहद स्थानक कुर्ला आणि शीव यांच्या दरम्यान असायला हवे होते.

मराठी विज्ञान परिषदेची वास्तूही त्याच शीव-चुनाभट्टीच्या परिसरात आहे. कथेतली सीमा तिथून गेली असती तर तो सुंदर योग ठरला असता.

कथेवरील माझे प्रेम या आक्षेपाने तिळमात्र कमी होत नाही, हे स्पष्ट करतो. लेखकाने पुरेशा बारकाव्यांनिशी जग उभे केले आहे म्हणूनच त्याची सीमारेषा तपासावीशी वाटते.

तलावपाळी :

पारसिक, आपला प्रतिसाद वाचून मी कथा पुन्हा काढून वाचली. आपला तर्क बिनतोड आहे. तरीही लेखकाच्या बाजूने एक शक्यता मांडतो. त्या कथेत मुंबई इंग्रजांकडे भाडेपट्ट्याने आहे, तो करार १९०८ सालचा आहे आणि त्याची मुदत २००१ मध्ये संपणार आहे. म्हणजे १७६१ ची हद्द तशीच राहिली असे गृहीत धरण्याचे कारण नाही. मधल्या काळात मुंबईची वस्ती वाढली असेल, रेल्वे आली असेल, बंदराला पाणी आणि जमीन लागली असेल, आणि मोबदला घेऊन साष्टी भाड्याने दिली गेली असेल. लढाईत न गमावलेले ठाणे करारात दिले गेले, असा तो इतिहास होईल. मला ही शक्यता अधिक अस्वस्थ करणारी वाटते, आणि तिच्यावर एक स्वतंत्र कथा लिहिण्याजोगी आहे.

घणसोली :

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका रासायनिक कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालो आहे. साहित्याचा अभ्यासक नाही, तरीही एका पुस्तकाविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. सुबोध जावडेकर यांची 'आकांत' ही कादंबरी भोपाळच्या वायुदुर्घटनेवर आधारलेली आहे. जावडेकर स्वतः रासायनिक अभियंता आहेत, आणि ते पानोपानी जाणवते. कारखाना म्हणजे धूर सोडणारी चिमणी आणि वाईट मालक, एवढेच बाहेरच्या लेखकाला दिसते. आतल्या माणसाला झडपा, दाबमापक, पाळीची नोंदवही आणि 'उद्या बघू' म्हणून पुढे ढकललेली दुरुस्ती दिसते.

जोडीला डोमिनिक लापिएर आणि हाविएर मोरो यांचे 'फाइव्ह पास्ट मिडनाइट इन भोपाळ' वाचावे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेटच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले, तेव्हा टाकी थंड ठेवणारी शीतयंत्रणा बंद होती, वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता, आणि वायू धुऊन काढणारी यंत्रणा एवढा लोंढा पेलण्याजोगी नव्हती. सुरक्षेच्या तीन भिंती एकाच वेळी निकामी होत्या. पर्यायी इतिहासाबद्दल आपण येथे बोलत आहात, म्हणून नम्रपणे सुचवतो की या रात्रीचाही विचार त्या दृष्टीने करावा. एक गोळी चुकली असती तर काय झाले असते, हे आपण विचारतो; शीतयंत्रणा चालू असती तर काय झाले असते, हेही विचारायला हवे. फरक असा की गोळी कोणाच्या हातात नसते, शीतयंत्रणेची कळ माणसाच्या हातात असते. ती वीज आणि पैसा वाचवण्यासाठी बंद केलेली होती.

आमच्या पट्ट्यात तेव्हा रासायनिक कारखाने दाटीने उभे होते. भोपाळनंतर कित्येक महिने पाळी संपवून घरी आलेल्या माणसाला घरचे काय विचारत असतील, याची कल्पना वाचकांनी करावी. 'आकांत' मी त्या काळानंतर वाचली आणि माझ्या खात्यातील तरुण सहकाऱ्यांना वाचायला दिली. रसायनशास्त्र किंवा अभियांत्रिकी शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने ती पदवी हाती पडण्यापूर्वी वाचावी.

कोपरी :

थोडक्यात एक नाव जोडतो. हॅरी टर्टलडव्ह यांची 'द लास्ट आर्टिकल' ही १९८८ सालची दीर्घकथा. युद्ध जिंकलेले जर्मन सैन्य हिंदुस्थानात येऊन पोहोचते, आणि गांधीजींचा सत्याग्रह फील्ड मार्शल मोडेल याच्यासमोर उभा राहतो. प्रतिपक्षाला लाजच नसेल तर सत्याग्रहाचे काय होते, असा अतिशय कठोर प्रश्न ही कथा विचारते. जोडीला 'हिंद स्वराज' वाचावे. पुस्तक छोटे आहे, दोन बैठकांत होते.

बेलापूर :

मी वास्तुशास्त्राचा विद्यार्थी आहे आणि माझे सगळे आयुष्य नवी मुंबईत गेले आहे. वरचे प्रतिसाद वाचताना वाटत राहिले की ज्या शहरात मी राहतो ते शहरच अर्धवट राहिलेला पर्यायी इतिहास आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकातून खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली. मूळ विचारात एक गोष्ट मध्यवर्ती होती : राज्य सरकारची कार्यालये इकडे हलवावीत, म्हणजे नोकऱ्या आणि माणसे त्यांच्या मागोमाग येतील आणि मुंबईवरचा भार कमी होईल. कार्यालये आली नाहीत. त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. खाडीवरचा रस्तापूल १९७३ साली झाला, पण मानखुर्दहून वाशीला लोकल यायला १९९२ साल उजाडले.

मंत्रालय १९७५ च्या सुमारास बेलापूरला आले असते तर? दक्षिण मुंबई आज कशी दिसली असती, सकाळच्या गाड्या कोणत्या दिशेने भरून धावल्या असत्या, घरांच्या किमती कुठे चढल्या असत्या? मला या विषयावर दीर्घकथा लिहायची आहे. जोडवाचन म्हणून कोरिया यांचे 'द न्यू लँडस्केप' हे १९८५ सालचे पुस्तक मी वाचले आहे आणि सर्वांना सुचवतो. शहर ही माणसाने मुद्दाम रचायची गोष्ट आहे, असा विश्वास त्या पुस्तकात ओतप्रोत आहे. शहराविषयी पर्यायी इतिहास लिहायचा असेल तर आणखी काय वाचावे?

घणसोली :

बेलापूर, तुमचा विषय चांगला आहे आणि तो तुम्ही लिहावाच. आराखड्याबरोबर एक गोष्ट लक्षात ठेवावी. या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. आगरी आणि कोळी समाजाची भातशेती होती, मिठागरे होती, खाडीतली मासेमारी होती. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या बाजूला शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच माणसे गेली, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. मंत्रालय बेलापूरला आले असते तर भूखंडांचे भाव आणखी वेगाने चढले असते, आणि गावठाणातल्या माणसाचे काय झाले असते, हा तुमच्या कथेचा गाभा होऊ शकतो. वेगळा घडलेला इतिहास कोणासाठी वेगळा, हे कथेने ठरवले पाहिजे. या बाजूची पुस्तके थोडी आहेत. त्यापेक्षा सत्तरीच्या पुढच्या माणसांशी बोलावे. घणसोली, कोपरखैरणे, जुने बेलापूर, कुठेही जावे; माणसे आपुलकीने सांगतात.

येऊर :

घणसोलीकाकांनी विचारलेला 'कोणासाठी वेगळा' हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पर्यायी इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा सेनापती आणि सम्राट यांचेच नशीब बदलते. त्या प्रश्नाला धरून दोन पुस्तके सुचवते.

बेगम रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही कथा १९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझीन'मध्ये आली. त्यातील देशात पुरुष पडद्यात आहेत आणि राज्यकारभार व विज्ञान स्त्रियांच्या हाती आहे; त्या सूर्याची उष्णता साठवतात, ढगांतून पाणी काढून घेतात आणि लढाईही सूर्याच्या उष्णतेनेच जिंकतात. सव्वाशे वर्षे होत आली, तरी कथा ताजी आहे. जोडीला ताराबाई शिंदे यांचा १८८२ सालचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध वाचावा. एकीने शांतपणे दुसरे जग रचले, दुसरीने संतापाने आहे ते जग उघडे केले. माझ्या वर्गात ही जोडी वाचून झाली की मुलीच नव्हे, मुलगेही बराच वेळ बोलत राहतात.

दुसरे पुस्तक अमिताव घोष यांचे 'द कलकत्ता क्रोमोसोम'. मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात असतो, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला पाहिले, ही खरी घटना. कादंबरी म्हणते की रॉस यांच्या प्रयोगशाळेतील नोकरमाणसांना ते आधीच ठाऊक होते आणि तेच त्यांना शोधाकडे नेत होते. येथे इतिहासाचा निकाल बदलत नाही, तो कोणी घडवला हे बदलते. या कादंबरीला १९९७ साली आर्थर सी. क्लार्क पुरस्कार मिळाला. वाचायला अवघड आहे, काळ सतत मागेपुढे होतो. घाई करू नये.

पारसिक :

या प्रकारातील सर्वांत गाजलेल्या पुस्तकाविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. फिलिप के. डिक यांची 'द मॅन इन द हाय कॅसल' ही १९६२ सालची कादंबरी सगळेच सुचवतात. जर्मनी आणि जपान यांनी अमेरिका वाटून घेतली आहे, आणि त्या जगातही एक लेखक पर्यायी इतिहास लिहितो, ज्यात दोस्त राष्ट्रे जिंकलेली आहेत. कल्पना थोर आहे, व्यक्तिचित्रणही सूक्ष्म आहे. परंतु कारणपरंपरेत रस असणाऱ्या वाचकाने तिच्यापासून सुरुवात करू नये, कारण लेखकाला वास्तव म्हणजे काय या प्रश्नात अधिक रस आहे.

कारणपरंपरा पाहायची असेल तर किम स्टॅनली रॉबिन्सन यांची 'द इयर्स ऑफ राइस अँड सॉल्ट' घ्यावी. चौदाव्या शतकातील प्लेगमधून युरोपातील काही थोडकेच लोक वाचतात, एवढा एकच बदल. पुढची सात शतके चीन, इस्लामी जग आणि हिंदुस्थान मिळून घडवतात. विज्ञानक्रांती मध्य आशियात होते, आणि पुढे त्रावणकोरहून उदारमतवादी विचार पसरतो. काही भाग लांबलेले आहेत, हे मान्य. पण युरोपावाचून आधुनिक जग शक्य होते का, या प्रश्नाला इतक्या चिकाटीने भिडणारी दुसरी कादंबरी मी वाचलेली नाही.

बेलापूर :

सर्वांचे आभार. घणसोलीकाकांच्या सांगण्याप्रमाणे मी बोलायला सुरुवात करणार आहे, त्यामुळे मंत्रालयाच्या कथेला वेळ लागेल. तोपर्यंत हात बसण्यासाठी एक लहान कथा लिहावी, असे पारसिक यांचा प्रतिसाद वाचल्यापासून मनात आहे : १७७४ साली ठाण्याचा किल्ला पडला नसता तर? या वेढ्याची तपशीलवार माहिती कोठे मिळेल?

पारसिक :

बेलापूर, विषयाची निवड फार आवडली. आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे तोच हा किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास त्याचे बांधकाम सुरू केले आणि ते पुरे होण्याआधीच मराठ्यांनी तो घेतला.

आपल्या कथेला लागणारा वळणाचा क्षण इतिहासातच तयार आहे. १७७४ च्या डिसेंबरात गमावलेला प्रदेश परत मिळवण्यासाठी पोर्तुगीज आरमार मुंबईच्या समुद्रात आले, आणि ते आधी पोहोचतील या भीतीने मुंबईकर इंग्रजांनी घाईने ठाण्यावर सैन्य पाठवले. खंदक भरून आत घुसण्याचा पहिला प्रयत्न किल्लेकऱ्यांनी परतवून लावला आणि इंग्रजांचे बरेच लोक पडले. कमोडोर वॉटसन हा त्यांचा आरमारी अधिकारी याच वेढ्यात प्राणांतिक जखमी झाला. दुसऱ्या हल्ल्यात, २८ डिसेंबरला, किल्ला पडला आणि आतील शिबंदीची कत्तल झाली. पहिला हल्ला फसल्यावर इंग्रजांनी आणखी काही दिवस थांबायचे ठरवले असते, तर किल्ल्याला मदत पोहोचली असती का, आणि पोर्तुगीजांनी मध्येच काय केले असते? येथे दोन सत्ता नव्हत्या, तीन होत्या; कथेत पोर्तुगीजांना विसरू नये.

वाचनासाठी प्रथम मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाणे जिल्ह्याचे खंड पाहावेत, तेरावा आणि चौदावा, १८८२ सालचे. चौदाव्या खंडात जिल्ह्यातील स्थळांची माहिती आहे. ठाणे शहराच्या नोंदीत किल्ल्याचा इतिहास आणि या वेढ्याची हकीकत सापडेल. लेखन इंग्रजी अधिकाऱ्यांचे आहे, तेव्हा किल्ल्याच्या आतली बाजू त्यात जवळजवळ नाही. त्यासाठी गो. स. सरदेसाई यांच्या 'मराठी रियासती'तील नारायणराव आणि सवाई माधवराव यांच्या काळाचे भाग वाचावेत. किल्ल्यावर जाता येणार नाही, परंतु कारागृहाच्या भिंतीच्या बाहेरून खाडीकडे एकदा चालत जावे. इंग्रजांच्या होड्या कोणत्या बाजूने आल्या असतील, भरती-ओहोटीचा त्यांना किती उपयोग झाला असेल, याचा अंदाज नकाशापेक्षा तिथे अधिक येतो. पहिला खर्डा झाला की येथे अवश्य टाकावा. तारखा आणि अंतरे मी तपासून देईन.